जुने फायरफॉक्स, चारशे टॅब आणि एक पुतण्या

प्रश्न : माझा संगणक विंडोज ७ वर चालतो आणि त्यात फायरफॉक्स ५२ ईएसआर आहे. टॅब मिक्स प्लसमुळे टॅब तीन ओळींत दिसतात, सेशन मॅनेजरमुळे कालचे काम आज जसेच्या तसे उघडते. मी मुद्रितशोधक. कोश, जुनी मासिके, अर्धवट वाचलेले लेख धरून चारशेच्या आसपास टॅब कायम उघडे असतात. पुतण्या घरी आला की म्हणतो, ‘काका, हे काय वस्तुसंग्रहालय मांडून बसलायत? अपडेट मारा.’ एकदा त्याने मारलेही. सगळे टॅब एका ओळीत आले, एक्स्टेन्शन गेली आणि मग खटपट करून जुने परत बसवावे लागले. अलीकडे मात्र बँकेचे पान नीट उघडत नाही. पुतण्याचे ऐकू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अर्धे ऐका. तुमचा जीव ५२ या आकड्यात नाही. तो तीन ओळींच्या टॅबांत आणि चारशे पत्त्यांत आहे. पुतण्याला हा फरक कळलेला नाही, आणि तुम्हीही दोन्ही गोष्टी एकत्र बांधून ठेवल्या आहेत. त्या सोडवता येतात.

त्या बांधल्या गेल्या कशा, हे आधी पाहू. जुन्या फायरफॉक्समधले एक्स्टेन्शन म्हणजे वाड्यातला जुना बिऱ्हाडकरू. त्याला हव्या त्या भिंतीत खुंटी ठोकायची, वेळ पडली तर भिंत पाडायचीही मुभा होती. ब्राउझरचा दर्शनी भाग झूल नावाच्या भाषेत लिहिलेला असे आणि एक्स्टेन्शनला त्याच्या कुठल्याही भागात हात घालता येई. म्हणूनच टॅब तीन ओळींत मांडणे शक्य झाले; फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने तशी सोय कधी दिलीच नव्हती. पण मोझिलाने वाड्यात काहीही दुरुस्त केले की कोणाची तरी खुंटी निखळायची. शिवाय एखादा बिऱ्हाडकरू लबाड निघाला, तर सगळ्या खोल्या त्याला मोकळ्या.

ऑगस्ट २०१५ मध्ये मोझिलाने ही पद्धत बंद करणार असल्याचे जाहीर केले आणि १४ नोव्हेंबर २०१७ ला आलेल्या फायरफॉक्स ५७ मध्ये ती बंद केली. त्या आवृत्तीला त्यांनी ‘क्वांटम’ असे नाव दिले होते आणि ती खरोखर वेगवान होती. पण अपडेट झाल्यावर ज्यांची सेशन मॅनेजर, टॅब मिक्स प्लस, डाउनदेमऑल ही मंडळी एका रात्रीत निकामी झाली, त्यांना त्या वेगाचे काय कौतुक? यातले काही नव्या पद्धतीत लिहून परतले, पण हातपाय आखडून. बरेच परतलेच नाहीत. फायरफॉक्स ५२ ईएसआर ही जुनी एक्स्टेन्शन चालवणारी शेवटची दीर्घमुदतीची आवृत्ती. विंडोज एक्सपी आणि व्हिस्टासाठीही तीच शेवटची. तिच्या दुरुस्त्या सप्टेंबर २०१८ मध्ये थांबल्या. त्यामुळे ५२ धरून बसलेले तुम्ही एकटे नाही, जगभर अशी मोठी बिरादरी आहे.

आता बँकेचे पान. तुमच्या व्यवसायाला शोभेल असे कारण आहे : एक विरामचिन्ह. जावास्क्रिप्ट या भाषेत अलीकडे प्रश्नचिन्हाला चिकटून पूर्णविरामाचे टिंब देण्याची रीत आली आहे. ‘ही वस्तू असेल तरच तिच्या आत डोकाव, नसेल तर गप्प राहा’ असा त्या जोडचिन्हाचा अर्थ. फायरफॉक्सला ते मार्च २०२० च्या ७४ व्या आवृत्तीपासून कळते. ५२ ला ते दिसले की तेवढी ओळ सोडून ते पुढे जात नाही, अख्खी फाइलच नाकारते. मग पान दिसते, रंग दिसतात, ‘लॉग इन’चे बटणही दिसते, दाबले की काहीच होत नाही. बँकेने तुमच्यावर बंदी घातलेली नाही. प्रत्येक संकेतस्थळाचे नेमके हेच दुखणे असेल असेही नाही, पण ‘बटण दाबले तरी हलत नाही’ अशा तक्रारीमागे बहुतेक वेळा असलेच काहीतरी असते.

बटण हलत असते, तरीही बँकेसाठी ५२ वापरू नका असेच मी म्हणालो असतो. ब्राउझरमध्ये भोके सापडत राहतात आणि बुजवली जातात. जून २०१९ मध्ये फायरफॉक्समध्ये असेच एक भोक सापडले. यादीतला शेवटचा घटक काढून घेण्याची एक साधी क्रिया आहे, तिच्या हाताळणीत ती चूक होती. कॉइनबेस या आभासी चलनाच्या कंपनीतल्या कर्मचाऱ्यांवर तिच्या आधारे हल्ला झाला होता. मोझिलाने लगोलग ६७.०.३ आणि ईएसआर ६०.७.१ या दुरुस्त आवृत्त्या काढल्या. ५२ साठी काही निघाले नाही, कारण ती दुरुस्त्यांच्या यादीतूनच बाहेर गेली होती. फायरफॉक्सचा कोड सगळ्यांना खुला असल्याने दुरुस्ती प्रसिद्ध झाली की भोक कुठे होते हेही प्रसिद्ध होते. जुन्या आवृत्तीत तेच भोक आहे का, हे तपासायला मोझिलाचा कोणी बसलेला नाही. भुरटे बसलेले असू शकतात.

गंमत म्हणजे जुनेपणामुळे कधी कधी वाचायलाही होते. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी या चित्रप्रकाराच्या हाताळणीत गंभीर दोष सापडला. नुसते चित्र पाहिले तरी धोका. क्रोम, फायरफॉक्स सगळ्यांची पळापळ झाली. तुमच्या ५२ ला त्याची झळ लागली नसणार, कारण त्याला वेबपी चित्र उघडताच येत नाही. फायरफॉक्सला ती विद्या जानेवारी २०१९ च्या ६५ व्या आवृत्तीत आली. पुतण्याला हे सांगून चिडवायला हरकत नाही. मात्र हे संरक्षण नव्हे, योगायोग.

तर करायचे काय? पहिले काम पत्ते वाचवण्याचे, आणि ते आजच करा. ५२ उघडून ‘हेल्प’मध्ये ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’वर जा. ‘प्रोफाइल फोल्डर’समोरचे बटण दाबले की तुमचा सगळा संसार असलेले फोल्डर उघडेल. आता फायरफॉक्स पूर्ण बंद करा आणि ते फोल्डर जसेच्या तसे पेनड्राइव्हवर घ्या. त्यात ‘एक्स्टेन्शन्स’ नावाचे आणखी एक फोल्डर दिसेल. त्यातल्या एक्सपीआय फाइली म्हणजेच तुमची जुनी एक्स्टेन्शन. मोझिलाने ऑक्टोबर २०१८ मध्ये आपल्या दालनातून जुन्या पद्धतीची सगळी एक्स्टेन्शन उतरवली, म्हणून या प्रती सांभाळा.

त्याच फोल्डरात ‘सेशनस्टोअर’ नावाची फाइल आहे. ती नोटपॅडमध्ये उघडून पाहाच. सलग, न मोडलेला मजकूर दिसेल, पण मुद्रितशोधकाच्या डोळ्याला तो लागेल. प्रत्येक टॅबचा पत्ता, त्याचे शीर्षक, त्याआधी त्याच टॅबमध्ये पाहिलेली पाने, पान किती खाली सरकवले होते तो आकडा, एखाद्या रकान्यात अर्धवट लिहिलेला मजकूर, सगळे तिथे नोंदलेले असते. ५६ व्या आवृत्तीपासून ही फाइल दाबून लहान केलेली असते आणि नोटपॅडमध्ये नुसती बाराखडीची खिचडी दिसते. जुन्याचा हा एक फायदा मान्य करायला हवा.

एवढ्यावर विसंबू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि डी एकत्र दाबलेत की खिडकीतले सगळे टॅब एका फोल्डरात बुकमार्क होतात. यात तीन खोचा आहेत. एक, प्रत्येक खिडकीसाठी हे वेगळे करावे लागते. दोन, पिन केलेले टॅब यात येत नाहीत. तीन, टॅब गटांत लपवून ठेवले असतील तर फक्त समोर दिसणारा गट घेतला जातो. फोल्डरातले पत्ते मोजा आणि आकडा अपेक्षेपेक्षा बराच कमी वाटला तर थांबा. एकच पान दोनदा उघडे असेल तर ते एकदाच धरले जाते, तेवढी तूट चालेल. मग बुकमार्कांच्या ‘लायब्ररी’तून सगळे एचटीएमएल फाइलमध्ये उतरवून घ्या. ती फाइल कुठलाही ब्राउझर उघडेल, दहा वर्षांनीही.

दुसरे काम, नवे आणि जुने शेजारी शेजारी नांदवण्याचे. विंडोज ७ साठी फायरफॉक्सची शेवटची मालिका ११५ ईएसआर. तिच्या सुरक्षा-दुरुस्त्यांची मुदत मोझिलाने वेळोवेळी वाढवली आहे, सध्याची तारीख त्यांच्या पानावर पाहा. ती वेगळ्या फोल्डरात बसवा आणि तिला वेगळे प्रोफाइल द्या. शॉर्टकटच्या पत्त्याच्या शेवटी एक जागा सोडून उणे चिन्ह आणि इंग्रजी कॅपिटल पी जोडला की फायरफॉक्स आधी ‘कोणते प्रोफाइल?’ असे विचारते. पुतण्याचे नेमके इथेच चुकले. नवी आवृत्ती त्याने तुमच्याच प्रोफाइलवर चालवली. नव्याने आत शिरून बुकमार्क आणि इतिहासाचे कोठार आपल्या पद्धतीने मांडले की जुन्याला ते धड वाचता येईलच असे नाही. मे २०१९ च्या ६७ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स स्वतःच अशा सरमिसळीला अटकाव करते. ५२ ला तेवढी समज नाही.

बँक, वीजबिल, मेल, प्राप्तिकर, जिथे जिथे पासवर्ड लागतो ते सगळे ११५ मध्ये. ५२ मध्ये साठवलेले पासवर्ड पुसून टाका. ५२ ठेवायचेच असेल तर ओळखीचे कोश आणि मासिकांची संग्रहस्थळे एवढ्यापुरते ठेवा. मेलमधून आलेला दुवा त्यात उघडायचा नाही.

तीन ओळींचे काय, ते अजून राहिलेच. नव्या फायरफॉक्समध्येही प्रोफाइलमध्ये ‘यूजरक्रोम’ नावाची शैली-फाइल ठेवून टॅबच्या अनेक ओळी करता येतात. ६९ व्या आवृत्तीपासून त्यासाठी प्रगत सेटिंगमधली एक कळ आधी चालू करावी लागते. हे काम पुतण्याला सांगा, अपडेट मारल्याचे प्रायश्चित्त म्हणून. मला विचाराल तर चारशे टॅबना ओळींपेक्षा उभी यादी बरी. ट्री स्टाइल टॅब हे जुने एक्स्टेन्शन नव्या पद्धतीत टिकून आहे. ज्या लेखातून जो दुवा उघडला तो त्याच्या पोटात दिसतो. ११५ साठी त्याची थोडी जुनी आवृत्ती घ्यावी लागू शकते. फायरफॉक्सने स्वतःची उभ्या टॅबांची सोय थेट मार्च २०२५ मध्ये, १३६ व्या आवृत्तीत दिली. विंडोज ७ वाल्यांना ती मिळत नाही.

आणि एक छोटी युक्ती, ती ५२ मध्येही चालते. पत्त्याच्या पट्टीत टक्क्याचे चिन्ह देऊन एक जागा सोडा आणि शब्द लिहा. फक्त उघड्या टॅबांतून शोध होतो. चारशेतला ‘मोल्सवर्थ’ चटकन सापडतो.

प्रश्न : लॅपटॉपला ४ जीबी रॅम, क्रोममध्ये नेहमी शंभरेक टॅब. न वापरलेले टॅब झोपवणारे एक्स्टेन्शन मैत्रिणीने सुचवले आहे. घ्यावे का?
– एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नको. कारण म्हणून एक खरी हकीकत सांगतो. ‘द ग्रेट सस्पेंडर’ नावाचे नेमके याच कामाचे एक्स्टेन्शन होते. उत्तम चाले, वीस लाखांहून अधिक लोक ते वापरत. २०२० मध्ये मूळ कर्त्याने ते दुसऱ्याच्या हाती दिले. एक्स्टेन्शनचा मालक बदलला तर वापरणाऱ्याला कोणी विचारत नाही. नाव तेच, चित्र तेच, अपडेट आपोआप. नव्या मालकाच्या काळात त्यात संशयास्पद कोड आढळला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते घातक ठरवून सगळ्यांच्या क्रोममधून परस्पर बंद केले.

त्याबरोबर झोपवलेले टॅबही गेले. झोपवलेल्या टॅबच्या जागी ते एक्स्टेन्शन स्वतःचे पान उभे करत असे, आणि पान उभे करणाराच नाहीसा झाला. कित्येकांचे शोधनिबंधांचे संदर्भ एका झटक्यात अडकले. ते परत मिळवण्याची वाट मात्र सरळ निघाली. क्रोमच्या इतिहासात त्या एक्स्टेन्शनच्या नावाने लांबलचक पत्ते उरले होते आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘यूआरआय’ ही अक्षरे, बरोबरचे चिन्ह आणि पुढे मूळ पानाचा पत्ता जसाच्या तसा. तो तेवढा उचलून चिकटवला की पान उघडे. टॅबांची यादी करून ठेवणाऱ्या वनटॅबसारख्या एक्स्टेन्शनबाबतही सावध राहा. यादी एक्स्टेन्शनच्या पोटात असते. एक्स्टेन्शन काढले की यादीही जाते. अधूनमधून ती बाहेर काढून साध्या फाइलमध्ये ठेवत जा.

झोपवण्याचे काम आता क्रोम स्वतः करते. सेटिंग्जमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली ‘मेमरी सेव्हर’ आहे, तो चालू करा. जी पाने झोपू नयेत त्यांची यादीही तिथेच देता येते. भरत असलेला ऑनलाइन अर्ज आठवणीने त्यात घाला. मग शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. कोणता टॅब आणि कोणते एक्स्टेन्शन किती मेमरी खाते याचा तक्ता समोर येईल. बहुधा शंभर टॅबांपेक्षा चार-पाच पाने आणि एखाददुसरे विसरलेले एक्स्टेन्शनच डोईजड झालेले दिसेल. आधी त्यांना काढा.

प्रश्न : क्रोमने माझे युब्लॉक ओरिजिन बंद केले. जुने क्रोम शोधून बसवावे म्हणतो. काही तोटा?
– एक वाचक, पणजी

उत्तर : तोटाच तोटा. युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारे एक्स्टेन्शन क्रोमच्या जुन्या एक्स्टेन्शन-नियमांवर, म्हणजे मॅनिफेस्ट व्ही २ वर चाले. त्यात एक्स्टेन्शनला प्रत्येक मागणी वाटेत अडवून ‘ही जाऊ द्यायची का’ हे स्वतः ठरवता येई. व्ही ३ मध्ये एक्स्टेन्शनने नियमांची यादी आधीच क्रोमच्या हाती द्यायची, अडवण्याचे काम क्रोम करणार. जून २०२४ मध्ये इशारे सुरू झाले, नंतर एक्स्टेन्शन बंद होऊ लागली, आणि संस्थांसाठी ठेवलेली शेवटची पळवाट क्रोम १३८ नंतर मिटली. गूगल याला सुरक्षेची सुधारणा म्हणते. जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीने जाहिराती अडवणाऱ्याचे हात बांधावेत, यावर लोकांना जी शंका यायची ती आलीच, आणि ती मला रास्त वाटते.

तरी १३८ वर थांबू नका. सांगलीच्या वाचकांचे ५२ निदान एका कोपऱ्यात ठेवता येते. तुम्ही रोजचा, पासवर्ड भरलेला ब्राउझर गोठवायला निघालात. क्रोमचा इंजिन-कोड एज, ब्रेव्ह, ऑपेरा यांच्याही पोटात आहे, त्यामुळे त्यातली भोके शोधणाऱ्यांची संख्याही मोठी. शिवाय क्रोम आपणहून अपडेट होण्यात मोठे चिवट आहे. त्याला रोखण्यात जाईल तेवढ्या वेळात फायरफॉक्स बसवून होईल. तिथे पूर्ण युब्लॉक ओरिजिन चालते. क्रोमच हवे असेल तर त्याच कर्त्याचे युब्लॉक ओरिजिन लाइट घ्या. थोडे कमी अडवते, पण बहुतेकांना फरक जाणवणार नाही. दालनात सारख्या नावांची इतर एक्स्टेन्शन दिसतील, त्यांच्याकडे ढुंकून पाहू नका.

प्रश्न : मी कंत्राटदार. निविदेच्या एका संकेतस्थळासाठी जावा लागते, म्हणून फायरफॉक्स ५२ जपून ठेवले आहे. डिजिटल सहीचे टोकन दुसरीकडे ओळखलेच जात नाही.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमची अडचण खरी आहे. जावाचे प्लगइन चालवणारे शेवटचे फायरफॉक्स ५२ ईएसआरच. पण आधी त्या संकेतस्थळाच्या मदतपानावर पुन्हा एकदा जा. बऱ्याच ठिकाणी आता जावाऐवजी सहीसाठी संगणकावर बसवायचे एक छोटे सॉफ्टवेअर देतात आणि मग कुठलाही आजचा ब्राउझर चालतो. सूचनांची जुनी पीडीएफ मात्र अजून तशीच लटकत असते.

तशी सोय नसेलच तर ५२ ऐवजी मायक्रोसॉफ्ट एजचा इंटरनेट एक्स्प्लोरर मोड वापरा. मूळ एक्स्प्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला, पण एजमधला हा मोड निदान २०२९ पर्यंत सांभाळण्याचे मायक्रोसॉफ्टने कबूल केले आहे आणि त्यात जावाचे जुने प्लगइन चालू शकते. एजच्या सेटिंग्जमध्ये ‘डीफॉल्ट ब्राउझर’खाली हा मोड वापरायला परवानगी द्या, एज बंद करून पुन्हा उघडा आणि निविदेच्या पानाचा पत्ता तिथल्या यादीत घाला. यादीतली नोंद ३० दिवसांनी आपोआप गळते आणि पुन्हा घालावी लागते. निविदा भरायच्या आदल्या दिवशी तेवढे पाहून ठेवा. शेवटच्या तासात टोकन का दिसत नाही म्हणून मला फोन करू नका.